युद्ध नको म्हणताना

मांजरसुंब्याचा चौक हा येणाऱ्या-जाणाऱ्यांचा. धुळे-सोलापूर महामार्ग इथून जातो, एक रस्ता पाटोद्याकडे फुटतो, एक केजकडे. दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या गाड्या इथूनच कारखान्यांकडे निघतात. अशा ठिकाणी युद्धाविरुद्ध मोर्चा काढला तरी पाहणार कोण? एस.टी.तले प्रवासी, तेही चहा संपेपर्यंत. म्हणून आम्ही चार-पाच उर्दू शिक्षक मोर्चाच्या नादी कधी लागलो नाही.

इराकवर हल्ला होणार होता तेव्हा आम्ही स्वतःच शाळेत शिकत होतो. 15 फेब्रुवारी 2003 रोजी रोम, लंडनपासून जगभर लाखो माणसे रस्त्यावर आली, आणि 20 मार्चला बॉम्ब पडायला सुरुवात झाली. काय उपयोग झाला, असे वडीलधारे विचारीत. पण एप्रिलमध्ये आपल्या संसदेने त्या युद्धाची निंदा केली, आणि जुलैमध्ये सरकारने इराकला फौज पाठवायला नकार दिला. त्यामागे अनेक कारणे असतील. देशातला विरोध हे त्यातलेच एक.

मात्र तो विरोध सोपा होता. बगदाद दूर होते. परीक्षा खरी तेव्हा, जेव्हा युद्ध आपल्याच सरहद्दीवर येते आणि 'नको' म्हणणाऱ्याचे नाव आधी विचारले जाते.

22 एप्रिल 2025 रोजी पहलगामला 26 माणसे मारली गेली. त्यात आपल्या महाराष्ट्राचे 6 जण होते. पर्यटकांना वाचवू पाहणारा घोडेवाला आदिल हुसेन शाहही त्यातच गेला. त्या जुम्म्याला आमच्या मशिदीत सर्वांसाठी दुआ झाली, डोळे ओले झाले. पुढे 7 मेला कारवाई सुरू झाली आणि सरहद्दीपलीकडून पुंछवर तोफगोळे पडले. तिथल्या मदरशाचे एक मुअल्लिम, कारी मोहम्मद इक्बाल, त्यात ठार झाले. आमच्याच पेशातला माणूस. काही वृत्तवाहिन्यांनी त्यांना दहशतवादी ठरवले! शेवटी पुंछच्या पोलिसांना खुलासा करावा लागला. गोळा पलीकडून आला, बदनामी अलीकडून. युद्धात आमच्यासारख्यांच्या वाट्याला काय येते, ते एवढ्यात कळावे.

आपल्या महाराष्ट्रात अलिबागजवळ भायमळ्याला ॲडमिरल रामदास राहत. 1971 च्या युद्धात लढले, वीरचक्र मिळवले, 1990 ते 1993 नौदलप्रमुख होते. निवृत्तीनंतर भारत-पाकिस्तान मैत्रीसाठी आणि अणुबॉम्बविरुद्ध झिजले. 2004 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांच्यासोबत मिळाला. 2024 मध्ये ते गेले. त्यांना कोणी देशप्रेम शिकवायला आले, तर दाखवायला वीरचक्र होते. आमच्याजवळ दाखवायला बी.एड.ची पदवी.

तर मग करायचे काय? त्या चार दिवसांत मोबाइलवर येणारी प्रत्येक बातमी आम्ही थांबवून पाहू लागलो. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची खोटी बातमी तर मोठमोठ्या वाहिन्यांनी दाखवली. मोहल्ल्यातल्या पोरांना एकच सांगितले, खात्री नसेल तर पुढे पाठवू नका, आनंदाची असो की रागाची. काम क्षुल्लक दिसते. पण अशा गावात एका खोट्या चित्रफितीवरून दुकाने बंद होतात, हे वाचकांना सांगायला नको.

चौकातल्या हॉटेलात एक आप्पा भेटतात. त्यांचा मुलगा फौजेत आहे. आम्ही दबकतच म्हणालो, "आप्पा, लढाई थांबली ते बरं झालं." आजूबाजूचे दोघे-तिघे आमच्याकडे बघू लागले. आप्पा बशीतला चहा फुंकत म्हणाले, "सर, तुमी लई हळू बोलता. माझं लेकरू तिकडं हाय. लढाई पायजे का नको, हे टीव्हीवाल्याला काय इचारायचं? मला इचारा." मग कोणी काही बोलले नाही.

आपल्या लोकांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. गाझासाठी आपले हात उठतात, उठलेच पाहिजेत. पण एप्रिल 2023 पासून सुदानमध्ये मुसलमानच मुसलमानांना मारीत आहेत, त्याचे नाव आपल्या दुआत किती वेळा आले? मारणारा कोण हे पाहून ज्याचा विरोध ठरतो, त्याचा विरोध युद्धाला आहे असे आम्हाला वाटत नाही. इमामसाहेबांशी यावर बोललो. ते गप्प राहिले, पण पुढच्या जुम्म्याला सुदानचे नाव आले.

6 ऑगस्टला शाळेत हिरोशिमाची माहिती सांगतो. सदाको सासाकी ही मुलगी बॉम्ब पडला तेव्हा 2 वर्षांची होती. 1955 मध्ये 12 व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. दवाखान्यात ती कागदाचे करकोचे करीत असे. मुलेही रद्दीचे करकोचे करतात. निम्मे कावळ्यासारखे होतात.

मधल्या सुट्टीत मुले 'भारत-पाकिस्तान' खेळत. पाकिस्तान व्हायला कोणी तयार नसे, मग वर्गातल्या सगळ्यात गरीब, अशक्त पोराला ते व्हावे लागे, आणि त्याला खरोखरीचा मार बसे. आम्ही खेळ बंद केला नाही, फक्त दुसरे नाव शोधा म्हटले. आता तो 'टोळी-मुकादम' झाला आहे. अर्ध्या मुलांचे आई-बाप ऊसतोडीला जातात, त्यामुळे मुकादम व्हायलाही कोणी तयार नसते. रोज चिठ्ठ्या टाकतात.