डार्करूमचा लाल दिवा

ऱ्हुमॅटिक तापाने निकामी झालेली हृदयाची झडप ऑपरेशन थिएटरमधून आमच्याकडे आली की तिच्यात साचलेला चुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसेपर्यंत आठवडा जाई. आधी ग्लुटराल्डिहाइड, मग ऑस्मियम, मग अल्कोहोल, शेवटी राळ. ब्लॉक ६० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन दिवस पिकायचा. काचेची सुरी आम्हीच पट्टी तोडून करायचो. सेक्शन पाण्यावर तरंगू लागला की त्याचा रंग पाहायचा: चंदेरी म्हणजे मनासारखा पातळ, सोनेरी म्हणजे जरा जाड. तो हलवायला काडीला चिकटवलेला पापणीचा केस.

आता कण शोधायला स्कॅनिंग मायक्रोस्कोप मदतीला असतो. जड अणूंवरून जास्त इलेक्ट्रॉन परततात, म्हणून मऊ ऊतीत खनिज उजळ दिसतं. क्ष-किरणांचा आलेख लगेच सांगतो: हे कॅल्शियम, हे फॉस्फरस. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या सर्जिओ बर्टात्झो, मॉली स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ऊतीच्या घनतेला रंग दिले. महाधमनी, झडपा, हृदयाच्या रक्तवाहिन्या, सगळीकडे कॅल्शियम फॉस्फेटचे गोल कण निघाले. त्यांची स्फटिकरचना हाडातल्या खनिजाहून वेगळी. ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही.

कारण आमच्या हाती बहुतेकदा भोकंच लागायची. खडा सुरीखाली निखळायचा, कधी पाण्यात विरघळायचा. काचेच्या धारेला खाच पडली की पुढच्या प्रत्येक सेक्शनवर रेघ. भोकाच्या कडा पाहून आत काय असेल याचा अंदाज बांधायचा, आणि त्या अंदाजावर अहवाल जायचा. सेक्शन रंगवायला त्याची जाळी, म्हणजे ग्रिड, शिशाच्या द्रावणाच्या थेंबावर ठेवताना आम्ही श्वास रोखून धरायचो. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने शिशाचं कार्बोनेट बनतं आणि काळे कण पडतात. जिथे काळे कणच शोधायचे, तिथे याहून वाईट चूक नाही. ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. पेशंटचं भलं आजच्या यंत्रात आहे.

पण डार्करूम आठवते. दार उघडण्याआधी दोनदा टकटक, आतून "थांबा!" लाल दिव्यात ट्रेभोवती तिघं-चौघं खांद्याला खांदा लावून उभे. डेव्हलपरमध्ये कोरा कागद बुडे, आणि सगळ्यांत आधी खनिजाचे काळे ठिपके उमटत. पेशींच्या कडा नंतर, हळूहळू. तेवढ्या क्षणांत कुणी बोलत नसे. आज चित्र बटण दाबताच पडद्यावर येतं. बघणारा एकटाच असतो, आणि लगेच पुढच्या चित्राकडे वळतो.

त्या खोलीत आता प्रिंटरची खोकी ठेवतात. दारावरचा लाल दिवा कुणी काढलेला नाही. खोकं आणायला गेलो की माझा हात आधी टकटक करायला उचलला जातो.