फटफटीचा बार

आमच्याकडची जुनी माणसं मोटारसायकलला अजून फटफटीच म्हणतात. ती फटफट करत असली की ठीक. मध्येच मागनं ‘धाड्’ करून बार निघाला, तर मालकाच्या पोटात गोळा यायचा. बिघडली म्हणून तो ती ढकलत तालुक्याच्या मिस्त्रीकडे न्यायचा.

मिस्त्री पहिल्यांदा एकच विचारायचे, “पुढनं शिंकते का मागनं बार काढते?” पुढनं, म्हणजे कार्बोरेटरातनं शिंकत असली, तर बहुधा पेट्रोल कमी पडतंय. मागनं बार काढत असली, तर पेट्रोल इंजिनात पुरतं न जळता सायलेन्सरात जातंय. तिथं तापलेला पाइप असतो, सांध्यातनं थोडी हवा शिरते, आणि तुंबलेला गॅस एकदम पेटतो. प्लग काजळलेला, पॉइंट झिजून ठिणगी उशिरा पडतेय, नाहीतर पेट्रोलचं प्रमाण जादा झालंय. कारण यातलंच एखादं निघायचं. मिस्त्री म्हणायचे, “लाकूड चुलीत जळाय पायजे. धुराड्यात जळून भाकरी भाजत नसती.”

आता काळ असा आला की तोच रोग पोरं पैसे मोजून विकत घेतात. माझ्या पुतण्यानं जुन्या बुलेटचा मूळचा सायलेन्सर काढून फटाकेवाला बसवला. मूळच्या सायलेन्सरात जाळ्या आणि कप्पे असतात. धूर त्यातनं वळणं घेत जातो आणि आवाज मरतो. याच्यात नुसती पोकळ नळी. भर वेगात चावी बंद करायची. चाकं फिरतात तसं इंजिन फिरत राहतं, पेट्रोल ओढतं, पण ठिणगी नसते. न जळलेलं पेट्रोल मागं साठतं. चावी पुन्हा फिरवली की धडाम!

शहरातल्या मोटारींत हेच काम कॉम्प्युटरकडून करून घेतात. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की एरवी तो पेट्रोल तोडतो. सेटिंग बदलून ते चालू ठेवायचं आणि ठिणगी मुद्दाम उशिरा पाडायची, की पाय उचलला रे उचलला, मागनं लाह्या फुटायला लागतात.

“काका, पॉवर कसली वाढली बघा,” पुतण्या म्हणायचा. मी त्याला मिस्त्रींच्या समोर उभा केला. त्यांनी हेड खोललं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड करपली होती. “जे पेट्रोल बाहेर फुटलं, त्यानं चाकाला काय जोर दिला?” ते म्हणाले. पोरगं गप्प झालं, पण नळी काही काढली नाही.

सुगीच्या दिवसांत ओढ्याच्या वळणावर शेजारचे तात्या कडब्याची गाडी घेऊन येत होते. मागनं बुलेट आली आणि नेमका तिथंच बार झाला. उजवा बैल बिथरला, गाडी रस्त्याखाली कलंडली, तात्या कडब्यासकट खाली. हात मोडला. पुतण्यानंच त्यांना दवाखान्यात नेलं आणि येताना परस्पर मिस्त्रीकडे जाऊन जुना सायलेन्सर बसवून आणला.

मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. आवाजाची मर्यादा मोडली तर 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुण्या-नागपुरात पोलिसांनी असले जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातले. आमच्या ओढ्याच्या वळणावर कुठला पोलीस असणार?

तात्यांचा हात दोन-अडीच महिन्यांत कामाला लागला. बैलाचं तसं नाही. आता साधी फटफटी मागनं आली तरी तो कान टवकारून थांबतो. तात्या उतरतात, कासरा धरून त्याच्या मानेवर हात ठेवतात, आणि गाडी लांब जाईपर्यंत दोघं तसेच उभे राहतात.