लोरी, अंगाई आणि निन्ना नान्ना

बाळाला झोपवताना म्हणायच्या गाण्याला मराठीत 'अंगाई' म्हणतात. आपण घरी त्याला 'लोरी' म्हणतो. इटली देशात त्याच गाण्याला 'निन्ना नान्ना' म्हणतात. हे तिसरे नाव मला दोन लहान भावंडांमुळे कळले. त्या भावंडांचीच ही हकीकत आहे.

मी पुण्यातील एका उर्दू शाळेत मराठी शिकवते. बी.एड. करत असताना समाजसेवेचा भाग म्हणून आम्हां विद्यार्थिनींना एका बालसंस्थेत पाठवले होते. ज्यांना सांभाळणारे कोणी नाही अशी मुले तेथे राहत, आणि तेथूनच ती दत्तक जात. माझा अभ्यासक्रम संपला, पण त्या संस्थेत जाणे थांबले नाही. दर शनिवारी शाळा सुटली की मी तेथे जाई. मुलांना गोष्टी सांगे, गाणी शिकवे. मुले मला 'बाई' म्हणत.

अशा मुलांची ओळख जाहीर करण्यास कायद्याने मनाई आहे आणि ते योग्यच आहे. म्हणून या भावंडांची नावे मी सांगणार नाही. बहीण आठ वर्षांची होती, तिला आपण थोरली म्हणू. भाऊ चार वर्षांचा होता, तो धाकटा.

धाकटा फारसा बोलत नसे. त्याला लवकर झोपही येत नसे. मग थोरली त्याच्या पाठीवर हलके हलके थोपटे आणि एक अंगाई गुणगुणे. ती त्यांच्या आईची अंगाई होती. आई वारली तेव्हा थोरली सहा वर्षांची होती. अंगाईची चाल तिला पूर्ण येत होती, पण शब्द अर्धेच आठवत होते. जेथे शब्द आठवत नसत, तेथे ती नुसते 'हूं हूं' करी. कडव्याच्या शेवटी ती चाल जराशी वर चढे आणि मग सावकाश खाली उतरे. ती उतरेपर्यंत धाकट्याचे डोळे मिटलेले असत.

या दोघांना एकत्र दत्तक घेणारे कुटुंब आपल्या देशात मिळाले नाही. नियम असा आहे की, मुलासाठी आधी देशातच घर शोधायचे. ते मिळाले नाही, तरच परदेशातील कुटुंबाचा विचार करायचा. हे नियम सहज झालेले नाहीत. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. त्यावरून १९८४ साली न्यायालयाने परदेशी दत्तकाविषयी कडक नियम घालून दिले. १९९० साली केंद्र सरकारने 'कारा' ही संस्था स्थापन केली. १९९३ साली हेग या शहरात याविषयी एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००३ साली भारताने तो मान्य केला. आता परदेशातील आईवडिलांच्या घराची पाहणी होते. ना-हरकत प्रमाणपत्र, दत्तकाचा आदेश, पासपोर्ट असे एकेक कागद तयार होतात. मुलाचे वय आणि समज पाहून त्याची इच्छाही विचारात घेतात. मूल चुकीच्या हाती पडू नये, म्हणून ही सारी काळजी असते. पण या कामाला वेळ लागतो, आणि तोवर मुलाला वाट पाहावी लागते.

इटलीतील एका जोडप्याने या भावंडांना दत्तक घेण्याचे ठरवले. ही बातमी कळली, त्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे गाणी सुरू केली. तेव्हा मुलांना सांभाळणाऱ्या मावशींनी मला बाजूला बोलावले. त्या म्हणाल्या, "बाई, या दोघांना आता इकडची गाणी शिकवू नका. थोरलीलाही ती अंगाई म्हणू देऊ नका. जेवढे लवकर विसरतील, तेवढे लवकर तिकडे रुळतील. आठवण काढून रडत बसायचे का त्यांनी?"

मावशींनी आजवर कितीतरी मुलांना निरोप दिला होता. त्यांचे बोलणे प्रेमाचे होते आणि अनुभवाचेही होते. मला लगेच उत्तर सुचले नाही. मी थोरलीलाच जवळ घेऊन विचारले, "तिकडे गेल्यावर हे गाणे म्हणशील का ग?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाई, मी शाळेत गेले, तर दुपारी धाकट्याला कोण झोपवणार? त्या नव्या आईला आमचे गाणे येते का?"

तिच्या प्रश्नातच आम्हां दोघींना उत्तर मिळाले. मुलांनी गाणे विसरण्याची गरज नव्हती. नव्या आईने ते शिकण्याची गरज होती!

संस्थेच्या समाजसेविका समजूतदार होत्या. त्यांनी रीतसर परवानगी मिळवली. आम्ही थोरलीची अंगाई मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली आणि त्यांनी ती इटलीला पाठवली. दोन आठवड्यांनी उत्तर आले. त्यात त्या बाईंनी एक 'निन्ना नान्ना' म्हटली होती आणि त्यांचे पती मागे गिटार वाजवत होते. त्यांचे वाजवणे मध्येच अडखळे. मुले खूप हसली आणि 'पुन्हा लावा, पुन्हा लावा' म्हणू लागली. पुढचे कित्येक महिने दर शनिवारी ते गाणे वाजू लागले. अर्थ आम्हांला कोणालाच कळत नव्हता. तरी धाकटा त्याच्या तालावर मान डोलवू लागला. मावशीही भाजी निवडताना ते गुणगुणत. मी एकदा त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा त्या नुसत्या हसल्या.

अखेर सारे कागद पूर्ण झाले आणि ते दोघे पुण्याला आले. धाकटा घाबरून थोरलीच्या मागे लपला. त्या बाईंनी त्याला उचलून घेण्याची घाई केली नाही. त्या सरळ जमिनीवर बसल्या आणि हलक्या आवाजात गुणगुणू लागल्या. त्यांनी स्वतःचे गाणे म्हटले नाही, थोरलीची अंगाई म्हटली. पण शेवटी जेथे चाल वर चढते, तेथे त्या खाली उतरल्या.

थोरलीला राहवले नाही. "तसे नाही. इथे वर जायचे," असे म्हणत तिने हात वर नेऊन दाखवला. मराठीचा एक शब्दही त्यांना येत नव्हता. पण हात त्यांना समजला. त्यांनी पुन्हा म्हणून पाहिले आणि या वेळी चाल बरोबर आली. आई आणि मुलीचे पहिले संभाषण असे झाले. धाकट्याने बहिणीच्या मागून डोके बाहेर काढले. मांडीवर मात्र तो दुसऱ्या दिवशी बसला.

दत्तक गेलेल्या मुलांची खुशाली पहिली दोन वर्षे ठराविक मुदतीने कळवावी लागते. वर्षाने समाजसेविकांनी मला नवे ध्वनिमुद्रण ऐकवले. धाकटा भराभर इटालियन बोलत होता. त्याची मराठी संपली होती. मला क्षणभर वाईट वाटले. मी भाषेची शिक्षिका आहे, वाईट कसे वाटणार नाही? पण मग थोरली गाऊ लागली. तीच अंगाई, तीच चाल. जेथे पूर्वी 'हूं हूं' होते, तेथे आता तिने इटालियन शब्द घातले होते. आणि चाल वर चढली, तेथे धाकट्याने आवाज मिळवला.

लहान वयात परदेशी गेलेले मूल पहिली भाषा फार लवकर विसरते. पण कानाचे सारेच पुसले जाते असे नाही. चिनी भाषेत आवाजाचा चढउतार बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. २०१४ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे काही मुलींची तपासणी झाली. त्या तान्ह्या असताना चीनमधून दत्तक आल्या होत्या. त्यांना केवळ फ्रेंच येत होते. तरी चिनी स्वर ऐकताना त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्या मुलींसारखेच काम करत होता. नेदरलँड्समध्ये वाढलेल्या कोरियन दत्तकांना पुढे कोरियन भाषेचे उच्चार शिकवले, तेव्हा इतरांपेक्षा त्यांचे उच्चार चांगले झाले. २०१७ साली हे प्रसिद्ध झाले. शब्द विसरले तरी आवाजाची काही खूण आत उरते, असे यावरून दिसते.

आपल्या दख्खनच्या लोकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक असावे. जात्यावर दळताना मराठी बायका ओव्या म्हणत, आणि मांडीवरचे मूल त्या ऐके. काही शतकांपूर्वी येथील सूफींनी दखनी भाषेत चक्कीनामे आणि लोरीनामे रचले, ते याच बायकांच्या तोंडी रुळले. मोठमोठ्या ग्रंथांतील विचार असे चक्कीपाशी आणि पाळण्यापाशी पोचले.

मुलांनो, तुम्हांलाही लहानपणी कोणीतरी लोरी म्हटली असेल. आज घरी गेल्यावर अम्मी, दादी किंवा नानी यांना ती पुन्हा म्हणायला सांगा. चाल तुम्हांला ओळखीची वाटेल. पण तेवढ्यावर थांबू नका. एकेक शब्द विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. थोरलीला उरलेले शब्द विचारायला कोणी नव्हते. तुम्हांला आहे.