चाळीस हजारांत मावणारा उजेड

पहिला 'गंभीर' कॅमेरा घेऊ पाहणाऱ्याला दुकानात पहिला प्रश्न बजेटचा विचारला जातो आणि दुसरा मेगापिक्सेलचा. आम्हां उभयतांपाशी दोन्हींची उत्तरे होती: चाळीस हजार, आणि कितीही चालतील. तिसरा प्रश्न कुणी विचारला नाही, म्हणून तो आम्हीच एकमेकांना विचारला. फोटो कशाचे काढायचे आहेत?

याचे उत्तर शोधावे लागले नाही. आमच्यापैकी एकीचे मामा सिंधुदुर्गात दशावतारी नाटकांतून चाळीसहून अधिक वर्षे स्त्रीपार्ट करीत आले आहेत. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पालखीची प्रदक्षिणा झाली की देवळापाशी नाटक उभे राहते, ते उजाडेपर्यंत. लिखित संहिता नसते; आख्यान ठरते आणि संवाद नटाला उभ्या उभ्या सुचतात. त्यामुळे काल रात्री जे घडले ते पुन्हा तसेच कधीच घडत नाही. २०२२च्या पावसाळ्यात मामा फोनवर सहज बोलून गेले की गुडघे आता साथ देत नाहीत, आणखी एखाददुसरा मोसम निघाला तर निघाला. त्यांचे वेशातले फोटो घरात अवघे तीन, आणि तिन्ही फ्लॅश मारून काढलेले: चेहरा चुन्यासारखा सपाट पांढरा, मागे काळोख. ज्या रंगभूषेवर मामा दोन तास खर्चतात, तिचा त्यांत मागमूसही नाही.

म्हणजे कॅमेऱ्याला करायचे काम नेमके ठरले होते. सभामंडपात दोन हॅलोजन आणि चार-दोन ट्यूब, तेवढ्या उजेडात हलणारा माणूस टिपायचा. फ्लॅश वर्ज्य, ऐन प्रवेशात नटाच्या डोळ्यांत वीज पाडणे हा अपराधच. हातातला फोन अंधारात पुष्कळदा अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक करतो. समईचा फोटो त्यामुळे सुरेख येतो, पण गिरकी घेणाऱ्या नटाचे हात विरघळल्यासारखे दिसतात.

नवा प्रवेशपातळीचा डीएसएलआर आणि त्याबरोबर येणारी १८-५५ची झूम लेन्स एवढे आमच्या रकमेत जेमतेम बसत होते. खोके नवे, हमीपत्र नवे, मोह मोठा. परंतु ही लेन्स ५५ मिलिमीटरपर्यंत पुढे नेली की तिचे अ‍ॅपर्चर एफ ५.६च्या पलीकडे उघडत नाही. पन्नास मिलिमीटरची साधी, झूम नसलेली लेन्स एफ १.८पर्यंत उघडते. उजेडाचे प्रमाण या आकड्यांच्या वर्गावर ठरते. भागाकार करून पाहिला तर दुसरी लेन्स पहिलीच्या सुमारे साडेनऊ पट उजेड आत घेते. एकीने जिथे सेकंदाच्या १/१२५ भागात चित्र मिळेल, तिथे दुसरीला तेवढ्याच संवेदनशीलतेवर जवळजवळ १/१३ सेकंद लागेल. नटाची मान वळायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. एवढा फरक कॅमेऱ्याच्या अंगात नव्हे, काचेत होता, आणि ती काच कॅमेऱ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त होती.

मेगापिक्सेलचा प्रश्नही असाच सुटला. ए-४ आकाराच्या कागदावर इंचाला ३०० ठिपके छापायचे म्हटले तरी पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. मामांच्या माजघरातल्या भिंतीवर याहून मोठी तसबीर लागण्याजोगी जागाही नाही.

उरला प्रश्न नवे की वापरलेले, एवढाच. २०१८ साली कॅनन आणि निकॉन या दोघांनीही आरशाविना चालणाऱ्या, मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांच्या मालिका आणल्या आणि हौशी मंडळी आपले आरशाचे कॅमेरे विकू लागली. इतरांनी टाकलेले वापरण्यात कमीपणा मानण्याचे आम्हांला कारण नव्हते. आमची पाठ्यपुस्तकेही तशीच आलेली. मुंबईत फोर्टात बोरा बाजाराच्या अंगाने कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. तिथे दोन शनिवार घालवून आम्ही २०१५ साली आलेला निकॉन डी७२०० ठरवला. कारण व्यावहारिक होते. निकॉनच्या लेन्स जोडण्याची खोबण १९५९पासून मूलतः तीच आहे. परंतु डी४०सारख्या स्वस्त कॅमेऱ्यांत जुन्या लेन्सचा फोकस फिरवणारी मोटर नाही. डी७२००मध्ये ती आहे. त्यामुळे 'डी' मालिकेतली जुनी पन्नास मिलिमीटरची लेन्स आम्हांला घेता आली.

विकत घेताना दोन गोष्टी पाहिल्या. वाचकांनीही अवश्य पाहाव्यात. पहिली, शटर किती वेळा उघडले. निकॉनच्या मूळ फाइलीत हा आकडा नोंदलेला असतो. आमचा एकतीस हजारांवर होता, आणि निर्मात्याने चाचणी दीड लाखापर्यंतची सांगितली आहे. दुसरी गोष्ट बुरशी. समुद्राकाठच्या दमट हवेत लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू वाढतात. मागून टॉर्च धरून काचेतून तिरपे पाहिले की ते दिसतात. पहिल्या दोन लेन्स आम्ही याच कारणाने परत दिल्या.

हिशेब असा झाला: कॅमेरा सव्वीस हजार, लेन्स आठ, मेमरी कार्ड, दुसरी बॅटरी, झाकणाचा घट्ट डबा आणि सिलिका जेल मिळून तीन. उरलेले तीन हजार कुडाळच्या प्रवासाला. ८५ मिलिमीटरची लेन्स हवी होती. ती बसली नाही, म्हणून आम्हीच पुढच्या रांगेत बसायचे ठरले.

साधने जमवण्याचा खटाटोप आपल्याकडे जुना आहे. दादासाहेब फाळके विमा तारण ठेवून १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. परतल्यावर त्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत चित्रित केली आणि तीच दाखवून पुढच्या भांडवलाची वाट मोकळी केली. काय दाखवायचे हे त्यांना पैशाआधी ठाऊक होते. आमची ऐपत आणि आकांक्षा दोन्ही त्यांच्या पासंगालाही पुरणार नाहीत, पण क्रम तेवढा त्यांचा घेतला.

त्या वर्षीच्या जत्रेत पहिल्या तासातच एक अडचण निघाली. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून जुन्या धाटणीची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. शटर जलद ठेवले की एक चित्र उजळ तर पुढचे काळवंडलेले. १/१०० सेकंदावर प्रत्येक चित्राला एक पूर्ण फेरा मिळतो आणि उजेड स्थिर होतो. मात्र त्या वेगावर गिरकी गोठत नाही. मग गिरकी कुठे थांबते हे पाहणे भाग पडले. मृदंगाची थाप पडते, मान तिरपी होते, पदर सावरला जातो आणि क्षणभर सारे देहभान स्थिर राहते. तो क्षण ओळखायला आख्यान ऐकावे लागते. मामा मध्यंतरात भाचीला म्हणाले, "अगो, आदी नाटक बघ, मगे फोटो काढ." पहाटेपर्यंत आम्ही बहुतांशी तेच केले.

सहाशेपैकी चाळीस चित्रे बरी निघाली. ती छापून मामांपुढे ठेवली. आम्हांला वाटले होते की ते द्रौपदीच्या आवेशातले एखादे निवडतील. त्यांनी बराच वेळ लावून वेगळेच उचलले: त्यात मामा अर्धे कडेला, फोकसबाहेर गेलेले, आणि मागे बाकावर डोळे मिटून मृदंग वाजवणारा त्यांचा तीस वर्षांचा सोबती. "ह्येचो फोटो कोणी काढूकच नाय," ते म्हणाले, आणि त्या चित्राची दुसरी प्रत मागितली. ती त्याच संध्याकाळी सायकलवरून मृदंगवाल्याच्या घरी गेली.