दारूचे माप

मथळा वाचून ज्यांच्या भुवया वर गेल्या असतील त्यांनी त्या कृपा करून खाली आणाव्यात. ही दारू पिण्याची नव्हे, बंदुकीची. दोहोंना मराठीत एकच शब्द का, असे वर्गात एखादा वात्रट मुलगा दर वर्षी विचारतोच, आणि फारसीत 'दारू' म्हणजे मुळात औषध, एवढे सांगून मी पुढच्या ओळीकडे वळतो. औषध म्हटले की मात्रा आली. मराठीच्या प्राध्यापकाला मात्रा मोजायची सवय असते, पण ती कवितेतली. तिथे एखादी मात्रा कमीजास्त झाली तर फार तर ओळ लंगडते. कोणाची बोटे जात नाहीत.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी मावसभावाकडे अमेरिकेत गेलो होतो. तो कनेक्टिकट राज्यातल्या मिडलटाउन या गावी राहतो. नायगारा, न्यूयॉर्कच्या इमारती वगैरेंवर दिवाळी अंकांतून इतकी शाई सांडली आहे की त्या साऱ्यातून मी वाचकांची सुटका करतो. मला लिहायचे आहे ते एका तळघराविषयी.

पण त्या तळघरात उतरण्यापूर्वी तो मुलूख थोडा पाहिला पाहिजे, कारण तो मुलूखच बंदुकांचा आहे. न्यू हेवनला येल विद्यापीठ, हे आपल्याला ठाऊक असते. पण त्याच गावात विंचेस्टरच्या बंदुकांचा भला मोठा कारखाना २००६ साली बंद पडेपर्यंत चालू होता. उत्तरेला हार्टफर्डमध्ये रस्त्यावरून जाताना एक निळा घुमट दिसतो. मला आधी ते एखादे प्रार्थनास्थळ वाटले. तो निघाला सॅम्युएल कोल्टच्या पिस्तुलांच्या कारखान्याचा! या दोहोंच्या मध्ये, कनेक्टिकट नदीच्या काठाला मिडलटाउन, आणि त्याला लागून मिडलफील्ड नावाचे खेडे. तिथे लायमन घराण्याच्या सफरचंदाच्या बागा आहेत, १७४१ सालापासूनच्या. त्याच मिडलफील्डमध्ये विल्यम लायमनने १८७८ साली बंदुकीवर बसवायची, नेम धरण्याची साधने बनवायला सुरुवात केली. एकीकडे सफरचंदे, एकीकडे नेम! आम्ही गेलो तेव्हा मेपलची झाडे शेंदरी झाली होती आणि माणसे सहकुटुंब टोपल्या घेऊन फळे तोडत होती.

भावाच्या शेजारी एक म्हातारबाबा राहतात. वय एकोणऐंशी. जन्मभर कारखान्यात हत्यारे घडवण्याचे काम केलेले, त्यामुळे बोटे जाडजूड, पण वस्तू उचलतील ती सोनारासारखी. मी आलेला कळताच ते सफरचंदे घेऊन आले. मी शिक्षक आहे असे कळल्यावर त्यांनी मला 'प्रोफेसर' म्हणायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या दिवशी तळघरात नेले.

नोव्हेंबरात तिकडे हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. त्याच्या आधी हे गृहस्थ स्वतःची काडतुसे स्वतः भरतात. बार उडाल्यावर उरलेले पितळी टोपण टाकून द्यायचे नाही. त्याची जळकी टोपी काढायची, फुगलेले अंग साच्यात दाबून पुन्हा मापात आणायचे, नवी टोपी बसवायची, आत मोजून दारू घालायची आणि तोंडावर गोळी दाबून बसवायची. एक टोपण कितीदा तरी वापरता येते. मला ते सारे आमच्या आईच्या बरण्या पुन्हापुन्हा वापरण्यासारखे वाटले. काटकसर हे एक कारण; दुसरे असे की, आपल्या बंदुकीला नेमके काय मानवते ते ज्याचे त्यालाच कळते.

या साऱ्यात जिवाची गोष्ट एकच, दारूचे माप. पूर्वीची काळी दारू त्यामानाने सोशिक होती. ती आकारमानाने, म्हणजे मापट्याने मोजत. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएयने बिनधुराची दारू तयार केली, आणि तिच्या जातीच्या दारवा आल्यापासून तो सैलपणा संपला. ही दारू थोडक्यात फार जोर करते. म्हणून तिची मात्रा वजनाने ठरवतात, ग्रेनमध्ये. एका पौंडाचे सात हजार ग्रेन. मी म्हटले, "आमचा तोळा तुमच्या एकशेऐंशी ग्रेनांचा. तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. म्हणजे तुमचे जवळजवळ दोन ग्रेन ही आमची एक गुंज." गुंज म्हणजे एका वेलीचे लाल बी, हे ऐकून ते एकदम खूश झाले. ग्रेनसुद्धा मुळात धान्याचा दाणाच ना!

आता गंमत अशी की, मात्रा ठरते वजनाने, पण दर काडतुसाला तराजू धरीत बसायचे तर हंगाम निघून जाईल. म्हणून एकदा तराजूवर वजन ठरवायचे आणि मग तेवढ्याच आकारमानाचे माप भराभर ओतायचे, असे यंत्र निघाले. न्यू हेवनचा जॉन बार्लो १८८४ पासून आयडियल या नावाने भरणीची साधने बनवीत होता. तो कारखाना पुढे हातोहात फिरत १९२५ साली लायमनकडे आला. म्हातारबाबांच्या बाकावर होते ते लायमनचे पंचावन्न नंबरचे माप, त्यांच्या वडिलांचे. बिडाचे धूड, वर दारूची नळी, मधे फिरणारा दांडा. दांड्याच्या पोटात एक पोकळी. एकात एक बसणाऱ्या तीन पट्ट्या सरकवून ती लहानमोठी करता येते. मूठ वर केली की पोकळी भरते, खाली आणली की तेवढी दारू टोपणात पडते. पुढे एक इवलीशी हातोडी टांगलेली. मूठ वर, हातोडी टक्. मूठ खाली, पुन्हा टक्. त्या ठोक्याने दारू दर वेळी सारखीच बसते. हात घाईत आला, ठोका चुकला, वरच्या नळीतली दारू फार उतरली, तर माप बदलते. म्हणजे ते यंत्र अर्धे बिडाचे आणि अर्धे माणसाचे.

मी काही विचारायला तोंड उघडले तर म्हाताऱ्याने डावा हात वर केला. पन्नास टोपणे भरून होईपर्यंत तो खाली आणला नाही. मग विजेरी घेऊन ओळीने सगळ्या टोपणांत डोकावून पाहिले, आणि म्हणाले, "आता बोला. मूठ चालू असताना या खोलीत कोणी बोलायचं नाही."

मी काही बोललो नाही. मला आमच्या ओटीवरचे आजोबा आठवले.

संगमेश्वराजवळच्या आमच्या गावी आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. शेतीच्या रक्षणासाठी परवाना मिळतो, तसली. रानडुकरे भात लोळवीत, वानर केळी ठेवीत नसत. दारूचे माप म्हणून त्यांच्याकडे बांबूचे एक पेर होते, वरून तासलेले. एक पेर दारू, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा. शेवटी गज नळीत सोडून तो बाहेर किती राहतो ते बोटांनी पाहायचे. मी आठ वर्षांचा असेन. एका संध्याकाळी आजोबांनी नळीत दारू ओतली आणि त्याच वेळी मी माजघरातून हाक मारली, "आजोबा, चहा झाला!" ते उठले, चहा प्याले, परत आले, आणि पुन्हा पेर भरून ओतले. मी दारात उभा होतो. मला ते दिसले. बोललो नाही, कारण त्यात काही चुकले आहे हे मला कळलेच नव्हते. त्या दिवशी गज बोटांनी मोजायचे राहिले. रात्री नळी फुटली आणि त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. नळी जुनी होती, असे सगळे म्हणाले. आजोबाही तेच म्हणत. मला उमगले ते कॉलेजात गेल्यावर, आणि तोवर सांगायला आजोबा राहिले नव्हते.

शनिवारी म्हातारबाबांचा मुलगा आला. येताना विजेवर चालणारे नवे माप घेऊन आला. ते पाहून म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला की, जणू त्यांच्यासाठी वृद्धाश्रमाचा अर्ज आणला आहे. कारण मग कळले. मागल्या हिवाळ्यात पिस्तुलाची काडतुसे भरताना फोन वाजला. ते उठले, परत आले, आणि एकाच टोपणात दोनदा मूठ ओढली गेली. दोष यंत्राचा नव्हता, हात विसरला. पिस्तुलाच्या टोपणात दारू निम्म्यालाही येत नाही, त्यामुळे दुप्पट झाली तरी ती आत निमूट मावते. विजेरीने पाहिले होते, पण डोळ्यांत मोतीबिंदू. पिस्तुलाचे चाक फुटले. हाताला कसे लागले नाही, देव जाणे. ते फुटके चाक मुलाने खिशातून काढून बाकावर ठेवले. बापाने त्याकडे पाहिले नाही.

मग दोन्ही मापांची परीक्षा झाली, आणि तराजूवर मला बसवले. नवे यंत्र पाहण्यासारखे होते. आकडा दाबला की एक बारीक नळी फिरू लागते, दारू आधी भरभर पडते, मग हळू, आणि शेवटी एकेक दाणा टपकतो. पंचपात्रीतून पळीने पाणी सोडावे तसे. खाली काटा असतो. वजन भरले की टुण् करून वाजते. एका मात्रेला चांगला अर्धा मिनिट. पंख्याचा वारासुद्धा त्याला खपत नाही.

बंदुकीची दारू बारीक नळकांड्यांच्या आकाराची होती. जुन्या मापात ते तुकडे दांड्याच्या कडेत सापडत, मूठ कचकन अडे, एखादा तुकडा कापला जाई. दहा मात्रांमध्ये दोन-तीन दशांश ग्रेनांचा फरक आला. नव्याने एक दशांशाच्या पलीकडे पाऊल टाकले नाही. मुलगा हसला. मग पिस्तुलाची दारू घेतली, बारीक, रव्यासारखी वाहणारी. तिथे म्हाताऱ्याच्या दहाही मात्रा एक दशांशाच्या आत! मी वजने वाचत होतो आणि म्हाताऱ्याच्या मानेवरची शीर सैल होत होती. ते म्हणाले की, बाकावर बंदूक टेकवून एका भोकात गोळ्या घालण्याच्या स्पर्धा असतात, तिथले पट्टीचे नेमबाजही पुष्कळदा मुठीच्या मापानेच भरतात. होमर कल्व्हर नावाच्या नेमबाजाने याच लायमनच्या मापाला खटक्याखटक्यांचे चाक बसवून घेतले होते. मुलालाही ते ठाऊक असावे, कारण तो गप्प राहिला.

"तुझ्या यंत्राला हे टोपण रिकामं आहे की भरलेलं, ते कळतं का?" म्हाताऱ्याने विचारले.

"नाही," मुलगा म्हणाला. "किती ते कळतं. कितीदा ते कळत नाही."

हे उत्तर मला फार प्रामाणिक वाटले. पण त्यापुढे तो जे बोलला ते मला सुचले नसते. तो म्हणाला की, या यंत्राचा मंदपणा हाच त्याचा गुण. जुने माप इतके चपळ की, पन्नास टोपणे उघड्या तोंडाने एका फळीत उभी राहतात आणि कुठले भरले याची आठवण माणसाने ठेवायची. नव्यात एक मात्रा ओतली की पुढची तयार होईपर्यंत अर्धा मिनिट रिकामा. तेवढ्यात त्याच टोपणावर गोळी बसवून टाकायची. बाकावर उघडे टोपण एका वेळी एकच. तोंड बंद झालेल्या काडतुसात दुसऱ्यांदा काय ओतणार?

म्हातारबाबा बराच वेळ हातोडी बोटाने हलवीत राहिले. शेवटी तोडगा निघाला तो असा : बंदुकीला जुने माप, कारण तिथे टोपण जवळजवळ काठोकाठ भरते आणि दुसऱ्यांदा ओतली तर दारू उतू जाऊन चुगली करते, पिस्तुलाला नवे. अचूकपणाच्या हिशेबाने ही वाटणी अगदी उलटी व्हायला हवी होती. जे माप जिथे सरस ठरले, तिथून त्यालाच उठवले! पण त्या तळघरात त्या दिवशी अचूकपणाचा प्रश्नच नव्हता.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी एकटाच खाली गेलो आणि त्यांना आजोबांची गोष्ट सांगितली. चहाच्या हाकेसकट. यापूर्वी ती मी पत्नीलाही सांगितली नव्हती. त्यांनी मूठ सोडून पूर्ण ऐकले.

"गज मोजला नाही त्याने?"

"त्या दिवशी नाही."

"हं." मग थोड्या वेळाने, "त्या बांबूत किती ग्रेन मावायचे?"

मला सांगता येईना. ते म्हणाले, काळी दारू जवळपास पाण्याच्याच वजनाची भरते, तेव्हा पाण्याने मोजा आणि कळवा. वरून वहिनींनी हाक मारली, पूजा खोळंबली आहे म्हणून. आम्ही दोघांनीही ओ दिली नाही. राहिलेली सात टोपणे भरून, विजेरीने पाहून, मगच वर गेलो. तिकडची दिवाळी फुलबाज्यांवरच भागते. म्हातारबाबांनी दोन पेटवल्या.

ते पेर अजून आमच्या गावच्या घरी, देवघराच्या फळीवर होते. नाताळच्या सुट्टीत ते घेऊन मी बाजारातल्या सोनाराकडे गेलो. दिवसभर भिजत ठेवून, काठोकाठ पाणी भरून, ते पाणी त्याच्या काट्यावर वाटीत ओतले. सोनाराने माझ्याकडे जरा काळजीने पाहिले, पण तोलून दिले. पाच ग्रॅम आणि वर दोन दशांश, म्हणजे ऐंशी ग्रेन. मी ते एका पत्रात लिहून पाठवले.

फेब्रुवारीत उत्तर आले. नवे यंत्र बरे चालले आहे, मोतीबिंदू काढला आहे, हरीण मिळाले नाही. खाली वेगळ्या ओळीत लिहिले होते : तुमच्या आजोबांचे माप ठीक होते, प्रोफेसर.