वॅट किती, ते आधी सांगा

‘आरटीएक्स 4050’ हे नाव पहिल्यांदा पोरीच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला वाटलं, ट्रॅक्टरचं नवीन मॉडेल आलंय. आज मला कुणीही रस्त्यात थांबवून विचारावं! रॅमच्या पट्ट्या, स्क्रीनचे हर्ट्झ, बॅटरीचे वॅट-अवर, सगळं सांगतो आणि वर चहाही मीच पाजतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला असं नवं वेड लागलं की घरचे काळजी करतात. आमच्याकडे ती करून झाली, आता हसणं चालू आहे.

मी किल्लारीचा. औसा तालुक्यातली, 1993 च्या भूकंपानं देशाला माहीत झाली तीच किल्लारी. रानात सोयाबीन, गावात किराणा दुकान. पोरगी लातूरला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला आहे. रोज एसटीनं अप-डाऊन, एका बाजूला चाळीसेक किलोमीटर. तिला लॅपटॉप हवा होता. कॉलेजला नेता येईल असा, खिशाला झेपेल असा, आणि (हे तिनं सगळ्यात शेवटी, माझ्याकडं न बघता सांगितलं) गेम चालेल असा.

“अभ्यासाला पाहिजे का गेमला? एक काय ते सांग,” मी म्हणालो.

तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. त्यात ‘राजी’ नावाचा गेम होता. भावाला सोडवायला निघालेली पोरगी, मागं राजस्थानी वाडे-हवेल्या, देव-असुरांची लढाई. “हे कुठं बनलंय सांगा बरं, पप्पा?” मी म्हणालो, अमेरिका. तर पुणे! नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या पुण्यातल्या कंपनीनं हा गेम 2020 मध्ये आणला, आणि तो ज्या अनरिअल इंजिनवर बनला ते शिकायला फुकट मिळतं. फक्त ते चालवायला ग्राफिक्स कार्ड लागतं. थ्रीडी चित्रं करायचं ब्लेंडर पण फुकट, आणि त्यालाही ग्राफिक्स कार्ड असलं की कामं झपाझप होतात. म्हणजे गेम खेळायचं यंत्र आणि गेम बनवायचं यंत्र एकच! माझा वाद तिथंच संपला आणि वेड तिथंच सुरू झालं.

आधी पैशाचं. तेव्हा साठ हजाराच्या आगंमागं आरटीएक्स 3050 या ग्राफिक्स कार्डाचे लॅपटॉप मिळत होते, 4050 साठी पंच्याहत्तर-ऐंशीपर्यंत जावं लागत होतं. सणाच्या सेलमध्ये आकडे वर-खाली होतात. ऐंशी हजार म्हणजे 2025-26 च्या 5,328 रुपये हमीभावानं 15 क्विंटल सोयाबीन. हमीभाव मिळाला तर. आडतीवर जो भाव फुटतो त्यानं धरलं तर किती क्विंटल, ते मी घरात बोललो नाही.

आणि आता ती गोष्ट, जी कळल्यावर मला रात्री झोप आली नाही. एकाच नावाचं ग्राफिक्स कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या ताकदीचं असतं! नाव तेच, चिप तीच, 6 जीबी मेमरी तीच. पण कुठल्या लॅपटॉपमध्ये तिला किती वीज खाऊ द्यायची, ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. 4050 ला 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत कितीही देता येते. पस्तीस आणि एकशे पंधरा! विहिरीवर तीन एचपीची मोटार बसवून पाटीवर कुणी नुसतं ‘मोटार’ लिहिलं तर आपण त्याला सोडू का? इथं खोक्यावर मोठ्या अक्षरात 4050 लिहितात आणि वॅट शोधायला कंपनीच्या साईटवर तळातल्या बारीक अक्षरांत जावं लागतं.

कारण मात्र समजण्यासारखं आहे. वीज खाल्ली की उष्णता होते, उष्णता बाहेर काढायला तांब्याच्या नळ्या आणि मोठे पंखे लागतात, त्यानं जाडी आणि वजन वाढतं. म्हणून पातळ लॅपटॉपमध्ये चिपला कमी वीज देतात. एमएसआयचा सायबोर्ग 15 दोन किलोचा आहे, त्यातल्या 4050 ला 45 वॅट मिळतात. आसूसचा टफ ए15 साधारण 2.2 किलोचा, तिथं तीच चिप शंभराच्या वर जाते. लेनोव्होचा एलओक्यू 15 सुद्धा ताकदवान, पण 2.4 किलो. शंभर वॅटच्या पुढं 4050 ला आणखी वीज पाजून फारसं हाती लागत नाही, पण 45 आणि 90 मधला फरक जड गेममध्ये डोळ्यांना दिसतो. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेमला 45 सुद्धा उदंड झाले. म्हणजे पातळ लॅपटॉप वाईट अजिबात नाही. फक्त आपण काय घेतोय ते घेणाऱ्याला ठाऊक पाहिजे.

आणि ते दुकानात उभ्या उभ्या बघता येतं! स्क्रीनच्या मोकळ्या जागेवर राईट क्लिक, एनव्हीडिया कंट्रोल पॅनेल, डाव्या कोपऱ्यात खाली ‘सिस्टिम इन्फर्मेशन’. यादीत एक ओळ येते, ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’, आणि तिच्यापुढं वॅटचा आकडा. लातूरला एका दुकानात विक्रेता “काका, 4050 आहे, डोळे झाकून घ्या” म्हणत होता. मी चष्मा लावला आणि म्हणालो, वॅट किती, ते आधी सांगा. त्यानं पोरीकडं बघितलं. पोरगी छताकडं बघत होती. मग मीच माऊस हातात घेतला आणि ती ओळ काढून दाखवली. त्या क्षणाला मला जे वाटलं ते सोयाबीनला सात हजार भाव मिळूनही वाटलं नसतं.

वजनाचा शोध मात्र माझ्या दुकानातला. कागदावर 2.2 किलो हा आकडा बारका दिसतो. पण गेमिंग लॅपटॉपसोबत जो अडॅप्टर येतो, जिच्याबद्दल कुणी बोलायला तयार नसतं ती काळी वीट, ती कोण मोजणार? पोरीच्या मैत्रिणीचा लॅपटॉप आणि अडॅप्टर आम्ही आणले आणि ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मी साखर-तूरडाळ तोलतो त्यावर ठेवले. वीट वायरीसकट पाऊण किलो! त्यात वह्या, डबा, पाण्याची बाटली आणि सॅकचं स्वतःचं वजन. काटा सहा किलोच्या पलीकडं गेला. सकाळच्या एसटीत लातूरपर्यंत बसायला जागा मिळेलच याची खात्री नाही. एका हातानं दांडा धरून सहा किलो पाठीवर, तेही औशापर्यंत उभं राहून. महिलांना तिकीट अर्धं झालं, सॅकचं वजन काही अर्धं झालं नाही.

इथं पोरीनं मला मागं टाकलं. तिनं शोधून काढलं की काही गेमिंग लॅपटॉप टाईप-सीच्या छोट्या चार्जरवरसुद्धा चार्ज होतात, मोबाईलच्या चार्जरसारख्याच पण जरा दणकट, 65 किंवा 100 वॅटच्या. त्यावर जड गेम पूर्ण ताकदीनं चालत नाही, पण वर्गात गेम खेळायचाय कुणाला? कोड लिहायचा, पीपीटी करायची, जर्नल भरायचं, एवढ्याला तो चार्जर पुरून उरतो. म्हणजे वीट कायमची घरी, टेबलाखाली, आणि सॅकमध्ये मूठभर चार्जर. लॅपटॉपला टाईप-सी भोक आहे एवढ्यावर भागत नाही हं. काही भोकं नुसती पेनड्राईव्हपुरती असतात. कंपनीच्या माहितीत ‘पॉवर डिलिव्हरी’ हे शब्द बघायचे.

बॅटरीचंही तसंच. एकाच मॉडेलमध्ये 48 वॅट-अवरची आणि 90 वॅट-अवरची अशा दोन बॅटऱ्या असू शकतात आणि दोन्ही लॅपटॉप दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले असतात. टफ ए15 मध्ये अगदी हेच आहे. दिवसभर बाहेर राहणाऱ्या पोराला दुसरी पाहिजे. शिवाय वर्गात असताना मोठं ग्राफिक्स कार्ड झोपलेलं राहावं, प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर काम चालावं, ही सोय नीट लावली तर बॅटरी चांगली टिकते. चार्जर काढून जड गेम लावला तर मात्र लॅपटॉप लगेच आखडता हात घेतो, कारण बॅटरी तेवढी वीज एका दमात देऊ शकत नाही. आमच्याकडं लाईट गेल्यावर याचा अनुभव रोज येतो: गेम बंद पडत नाही, पण रेंगाळतो, आणि आतल्या खोलीतून महावितरणला उद्देशून काहीतरी ऐकू येतं.

स्क्रीनवर मी फार वेळ घालवणार नव्हतो. हर्ट्झचं एका मिनिटात पटलं. 60 च्या स्क्रीनवर माऊस गरागरा फिरवला की बाण तुटक तुटक पळतो, 144 वर तोच बाण सलग वाहतो. पण रंग! माहितीपत्रकात ‘45 टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असलं की समजायचं, पिवळ्या झेंडूचा रंग उडालेला दिसणार. ‘100 टक्के एसआरजीबी’ लिहिलेलं असेल तर झेंडू झेंडूसारखा. स्वस्तात स्वस्त करायला कंपन्या सगळ्यात आधी इथंच काटछाट करतात, कारण दुकानातल्या झगझगीत ट्यूबखाली गिऱ्हाईकाला ते कळत नाही. पोरीला पुढं चित्रंच करायची आहेत, म्हणून इथं आम्ही तडजोड केली नाही. माझं मत विचाराल तर कार्ड एक पायरी खालचं चालेल, पण रोज बघायची स्क्रीन मेलेली नको.

उन्हाचाही विचार करावा लागला. पुनर्वसनात मिळालेलं आमचं घर, वर स्लॅब, मे महिन्यात बाहेर बेचाळीस. खोलीतलीच हवा तापलेली असेल तर पंख्यानं आत काय ओढायचं? म्हणून पोरीनं लॅपटॉपच्या मागच्या बाजूला दोन लाकडी ठोकळे लावून तो वर उचललाय. खालच्या जाळीतून हवा मोकळी जाते. गादीवर ठेवून खेळायचं नाही, हा नियम तिनं स्वतःच स्वतःला घातलाय. रानातली धूळ आत जातेच, ती ब्रशनं वेळोवेळी झाडायची.

अखेर दिवाळीच्या सुमारास टफ ए15 आला, 4050 चा. पहिल्या आठवड्यात पोरीनं मला ‘टिअरडाऊन’ नावाचा गेम दाखवला. त्यात घराची कुठलीही भिंत फोडता येते, प्रत्येक तुकडा वेगळा पडतो, धूळ उडते, आणि हे सगळं लॅपटॉप तिथल्या तिथं गणित करून दाखवतो. मी बघत राहिलो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे मी बारा वर्षांचा होतो. दगड-मातीच्या भिंती आणि वर जड माळवद, हे एकदम खाली येतं तेव्हा कसं येतं ते आमच्या वयाच्या कुणालाही विचारा. पोरीला वाटलं, दाखवायला नको होतं. ती गेम बंद करायला गेली तर मी म्हणालो, थांब. कारण मला त्यात एक खोट दिसली होती. तिनं चारी भिंती फोडल्या, एका कोपऱ्यात बारकासा तुकडा उरला, आणि अख्खं छत त्या तुकड्यावर तसंच उभं!

“हे खोटं आहे,” मी म्हणालो. “एवढ्यावर छत ऱ्हात नसतंय.”

तिनं शोधलं. खरंच, तो गेम छताचा भार मोजतच नाही. एक तुकडा जरी जोडलेला राहिला तरी तो घर उभं धरतो. भार खरोखर मोजायचा तर गणित फार वाढतं. मग बाप-लेकीची जी चर्चा झाली ती मध्यरात्र उलटली तरी संपेना. भिंतीवर किती वजन येतं, लाकडी खांब कुठं मोडतो, मातीचा गारा ओला असेल तर काय होतं. तिच्या वहीत आता किल्लारीच्या जुन्या घराचं चित्र आहे, माळवद, खण, धाबं, सगळं मी सांगितलेलं. ब्लेंडरमध्ये ते घर उभं करायचं आणि भार मोजणारं काहीतरी त्याला जोडायचं, असं तिनं ठरवलंय. जमेल का नाही, बघू.

मला मात्र तिनं युरो ट्रक सिम्युलेटर 2 लावून दिलाय. 2012 चा गेम, आमच्या कार्डाला त्याचं काहीच ओझं नाही. जर्मनीतून पोलंडला माल नेतो. एकदा पोरगी पाणी प्यायला उठली.

“पप्पा, काय करायलाव एवढ्या रात्री?”

“डिझेल भरायलोय.”

एक काम बाकी आहे. आमच्यात 16 जीबी रॅम एकाच पट्टीत आलीय, दुसरा खण रिकामा. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला मेमरीकडं जायला दोन वाटा होतात आणि बऱ्याच गेमचा वेग त्यानं वाढतो. घ्यायला गेलो तर भाव भडकलेले! एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी उचलायला सुरुवात केली आणि 2025 संपता संपता रॅम महाग झाली, असं दुकानदार म्हणाला. घरी येऊन वाचलं तर खरंच निघालं. सोयाबीनच्या बाबतीत असं कुणी उचलायला येत नाही. पट्टीचा भाव मी रोज सकाळी, बाजारभावाच्या मेसेजनंतर लगेच बघतो. उतरला की पहिल्या एसटीनं लातूर.