वाऱ्याचे पंचांग

आमच्या बावड्यात पावसाचा अंदाज कुणाला विचारावा लागत नाही. तो न विचारताच मिळतो. मृग लागला, की पारावर पंचांग उघडते आणि नक्षत्राचे वाहन बेडूक की गाढव, यावर वाद रंगतो. नीरा-भीमेच्या बेचक्यातला हा मुलूख पर्जन्यछायेतला. ढग येतात, घटकाभर सावली धरतात आणि निघून जातात. अशा वांझोट्या ढगांना आम्ही आजवर नुसत्या शिव्या घातल्या. पण आता त्यांचाही हिशेब ठेवावा लागतो!

कारण आता उन्हावर वीज निघते. वर ढग आला, की इकडे वीज उतरते. वारा तर त्याहून लहरी. त्याचा वेग निम्मा झाला, की त्यातली शक्ती अष्टमांशावर येते. साताऱ्याकडे वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या पावसाळी वाऱ्यात भरात येतात, नेमक्या ऊन रुसते तेव्हा. आणि वीज काही ज्वारी नव्हे, सारीच्या सारी कणगीत भरून ठेवायला. म्हणून वीज वाटणारे लोक दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याचा अंदाज आधीच मागतात.

हा अंदाज मांडणारे पुण्यातच आहेत. हवामान खात्याचे मुख्य ठाणे १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. उष्णदेशीय हवामानाची संशोधन संस्था १९६२ साली तिथेच निघाली. या संस्थेने घडवलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये सुरू झाली. हे काम मला दिवाळीच्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखे वाटते. साऱ्या पृथ्वीवर ठिपके मांडायचे, प्रत्येक ठिपक्यापाशी ऊब, ओल, वारा लिहायचा आणि निसर्गाच्या नियमांनी पुढची घडी गणिताने काढायची. पूर्वी ठिपक्यांत १२ किलोमीटरांचे अंतर असे, आता ६. ठिपके जवळ आले, की नक्षी बारीक उतरते, हे कोणतीही सासुरवाशीण सांगेल.

एवढा खटाटोप कशासाठी? रात्री दोनला वीज येते, म्हणून कुणाचा तरी धनी विजेरी घेऊन उसात दारे धरायला जातो. पायाखाली काय येईल, याचा नेम नसतो. घरी ती माउली कूस बदलत पडलेली असते. शेताला दिवसा वीज मिळावी, म्हणून २०१७ साली सौर कृषी वाहिनीची योजना निघाली. पण दिवसाची वीज उन्हाच्या भरवशावर, आणि उन्हाचा भरवसा या ठिपक्यांवर. ते ठिपके बरोबर पडोत. त्या माउलीला रात्रीची झोप मिळाली, तर एवढ्या गणिताचे सार्थक झाले म्हणायचे.